‘मिटवून टाका’ म्हणणाऱ्यांना : कमुदी, महाड आणि तडजोडीचा इतिहास



तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात ज्यांनी चार तारखा काढल्या आहेत, त्यांच्या कानावर एक वाक्य हमखास पडलेलं असतं : “मिटवून टाका.” हे वाक्य समोरचा पक्ष म्हणतो, गावचा पुढारी म्हणतो, कधी आपलाच वकील म्हणतो आणि थकलेला आपला माणूसही शेवटी तेच म्हणतो. तारखेला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, एसटीचं भाडं जातं, गावात बोलणी बंद होतात. त्यामुळे हे वाक्य ऐकायला गोड लागतं. आम्ही ते म्हणणाऱ्या प्रत्येकाला दोष देत नाही. पण या वाक्याचा एक इतिहास आहे आणि तो आपल्या तरुणांना माहीत असायला हवा. म्हणून हा लेख.

आधी आमच्याच डोळ्यांसमोर घडलेली गोष्ट सांगतो. एका गावात बौद्धवाड्यातून स्मशानभूमीकडे जाणारी वाट शेजारच्या शेतमालकाने काटेरी कुंपण घालून अडवली. वाड्यातल्या पाच जणांनी दिवाणी दावा लावला. चार वर्षं तारखा पडल्या. मग एका संध्याकाळी गावातल्या एका मोठ्या घरी बैठक झाली, चहा झाला, शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर “वाट मोकळी ठेवू” असं लिहिलं गेलं. पाचांपैकी दोघांनी सह्या केल्या. पुढच्या तारखेला कोर्टात पुरसिस गेली : बाहेर आपसात मिटले आहे, दावा चालवायचा नाही. कोर्टाने दावा निकाली काढला. दोन पावसाळे वाट मोकळी राहिली. तिसऱ्या वर्षी कुंपण परत आलं.

आम्ही वाड्यातल्या माणसांसोबत वकिलाकडे गेलो. वकिलाने एकच प्रश्न विचारला : “हुकूमनामा कुठे आहे?” हुकूमनामा नव्हताच. दावा ‘निकाली’ निघाला होता, पण त्यात ‘निकाल’ कुठे नव्हता. स्टॅम्प पेपर ज्यांच्या पेटीत होता ते वारले होते आणि त्यांच्या मुलाला तो सापडत नव्हता. चार वर्षांच्या तारखा, भाडी, मजुरी यांच्या बदल्यात आपल्या हातात काय राहिलं? दोन पावसाळ्यांची मेहेरबानी.

त्या दिवसापासून आम्ही हा प्रश्न घेऊन इतिहास वाचायला लागलो. दावा तडजोडीने संपतो तेव्हा नेमकं काय संपतं? तडजोड करणारा कोण असतो आणि तो कोणाचा हक्क देऊन मोकळा होतो? याचं उत्तर शोधताना दोन खटले समोर आले. एक तामिळनाडूतल्या कमुदीचा, दुसरा आपल्या महाडचा.

कमुदीची तडजोड

रामनाड जमीनदारीत कमुदी नावाचं गाव आहे. आजच्या रामनाथपुरम जिल्ह्यात. तिथे मीनाक्षी-सुंदरेश्वराचं देऊळ आहे. १४ मे १८९७ रोजी नाडार समाजाच्या काही माणसांनी या देवळात प्रवेश केला. नाडार म्हणजे पूर्वी ज्यांना ‘शाणार’ म्हणत, ते. ताडावर चढून ताडी काढणं हा त्यांचा परंपरागत धंदा ठरवलेला होता आणि त्या धंद्याचं निमित्त करून त्यांना देवळाबाहेर ठेवलं होतं. एकोणिसाव्या शतकात या समाजातली बरीच माणसं व्यापारात शिरली, पैसा आला, पेठा उभ्या राहिल्या. पैसा आला तरी देवळाचं दार बंदच होतं. म्हणून त्यांनी ते उघडून आत पाऊल टाकलं.

देवळाचे वंशपरंपरागत विश्वस्त होते रामनाडचे राजे भास्कर सेतुपती. हे तेच राजे, ज्यांनी स्वामी विवेकानंदांना शिकागोच्या धर्म परिषदेला जायला प्रोत्साहन दिलं. राजांनी नाडारांविरुद्ध दिवाणी दावा लावला. मागणी अशी की, या लोकांना देवळात येण्याचा हक्क नाही असं जाहीर करावं, त्यांना कायमची मनाई करावी आणि देऊळ ‘बाटलं’ म्हणून शुद्धीचा खर्च द्यावा. १८९९ मध्ये मदुरेच्या कोर्टाने निकाल राजांच्या बाजूने दिला. त्याच वर्षी जूनमध्ये शिवकाशीत नाडारांवर मोठा हल्ला झाला. त्या सगळ्या तणावाच्या मुळाशी देवळाच्या दाराचाच वाद होता.

नाडारांनी मद्रास हायकोर्टात अपील केलं. आणि अपील चालू असतानाच एक अनपेक्षित गोष्ट घडली. ज्या राजांनी दावा लावला होता, त्यांनीच नाडारांशी तडजोड केली. नाडारांना देवळात येऊ द्यायला ते तयार झाले. आता वादी आणि प्रतिवादी एकमताचे झाले म्हटल्यावर साधा माणूस काय समजेल? भांडण मिटलं, दावा संपला, दार उघडलं.

पण तसं झालं नाही. देवळात जाणारे इतर ‘वरच्या’ जातींचे लोक कोर्टात आले. त्यांचं म्हणणं असं : राजा हा देवळाचा मालक नाही, विश्वस्त आहे. हा दावा त्याने स्वतःसाठी लावलेला नाही, देवळाच्या भक्तांसाठी लावलेला आहे. आमचा हक्क आम्हाला न विचारता देऊन टाकण्याचा अधिकार त्याला नाही. कोर्टाने हे म्हणणं मान्य केलं. त्या लोकांना खटल्यात सामील करून घेतलं. राजाची तडजोड हा विश्वासभंग ठरला, ती बाजूला सारली गेली आणि अपील पुढे चाललं. निकाल नाडारांच्या विरोधात गेला. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचलं आणि १९०८ मध्ये तिथेही नाडार हरले. जी तडजोड त्यांच्या हातात होती, ती कागदच राहिली.

मित्रांनो, या खटल्याकडे दोन नजरांनी बघावं लागतं.

पहिली नजर रागाची आहे आणि तो राग योग्य आहे. माणसाला माणसाच्या देवळात जायला बंदी घालणं हा ‘हक्क’, आणि त्या हक्काचं रक्षण करायला कोर्ट इतकं तत्पर की वादी स्वतः माघार घेतोय तरी कोर्ट त्याला माघार घेऊ देत नाही! ब्रिटिश न्यायालयं जातीच्या प्रश्नात हात घालत नाहीत, असं आपल्याला शिकवलं गेलं. मुंबई इलाख्यात तर १८२७ च्या रेग्युलेशनपासून तसं कलमच होतं. पण कमुदीत कोर्टाने हात घातला, आणि तो दार उघडण्यासाठी नव्हे, उघडलेलं दार पुन्हा लावण्यासाठी.

दुसरी नजर शिकण्याची आहे. कोर्टाने वापरलेलं तत्त्व घातक कामासाठी वापरलं गेलं, पण तत्त्व म्हणून ते चुकीचं नाही. जो अनेकांच्या वतीने उभा आहे, तो त्या अनेकांचा हक्क एकट्याच्या सहीने सोडू शकत नाही. आता हेच तत्त्व आपल्या बाजूने फिरवून बघा. वाड्याच्या वाटेसाठी पाच जणांनी दावा लावला, तो काय त्या पाच जणांच्या पायांसाठी होता? मग दोघांच्या सहीने तो कसा मिटला?

आणखी एक गोष्ट कमुदीतून शिकण्यासारखी आहे, आणि ती आपल्याला बोचणारी आहे. नाडारांच्या पुढाऱ्यांनी त्या काळात आपण क्षत्रिय आहोत हे सिद्ध करायचा खटाटोप केला. म्हणजे “दार सगळ्यांसाठी उघडा” असं न म्हणता “आम्ही दाराच्या आतले आहोत” असं म्हटलं. त्या मांडणीत उरलेले अस्पृश्य बाहेरच राहत होते. राजाशी झालेली तडजोडही नाडारांपुरतीच होती. एका जातीसाठी मागितलेली सवलत राजाच्या मर्जीवर टिकते आणि राजाच्या मागे उभ्या असलेल्या जातींच्या विरोधाने पडते. देवळाचं दार शेवटी उघडलं ते कायद्याने : १९३९ मध्ये मदुरेच्या मीनाक्षी मंदिरात अस्पृश्य आणि नाडार यांचा प्रवेश झाला आणि त्याच वर्षी मद्रास सरकारने मंदिरप्रवेशाचा कायदा केला. प्रिव्ही कौन्सिलच्या निकालानंतर एकतीस वर्षांनी.

महाडचा दावा

आता आपल्या महाडकडे या. १९ आणि २० मार्च १९२७ ची परिषद आणि चवदार तळ्यावरची ती ओंजळ आपल्या प्रत्येक घरात सांगितली जाते. पण त्यानंतर दहा वर्षं चाललेला दिवाणी दावा फार कमी जण सांगतात.

१९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदे कौन्सिलने सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असं ठरवलं. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर, तळं पूर्वीसारखंच. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली लोकांनी तो ठराव पाण्यात उतरवला. मग मारहाण झाली, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं आणि ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. बाबासाहेबांनी २५ डिसेंबरला सत्याग्रह जाहीर केला.

तेव्हा सनातन्यांनी लाठीऐवजी कोर्ट धरलं. १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या दिवाणी कोर्टात दावा दाखल झाला. वादी होते महाडचे स्पृश्य हिंदू, त्या सगळ्या स्पृश्यांच्या वतीने. प्रतिवादी होते डॉ. आंबेडकर, सीताराम नामदेव शिवतरकर आणि इतर सहकारी, सगळ्या अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून. मागणी अशी : तळं आमचं आहे, ते वापरण्याचा हक्क फक्त आमचा आहे, अस्पृश्यांना कायमची मनाई करा. १४ डिसेंबरला कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला.

आता बाबासाहेबांसमोर काय होतं? दहा हजारांच्या आसपास माणसं महाडला जमलेली, सत्याग्रहाला तयार. समोर कोर्टाचा हुकूम. त्यांनी सत्याग्रह पुढे ढकलला. मनुस्मृतीचं दहन झालं, पण तळ्यावर जाणं थांबवलं. काही लोक याला माघार म्हणतात. आम्हाला ती माघार वाटत नाही. बाबासाहेबांनी तळ्यावरचा हक्क सोडला नाही, त्या दिवसापुरतं पाऊल मागे घेतलं आणि हक्काची लढाई कोर्टात पूर्ण ताकदीने लढवली. मनाई हुकूम २३ फेब्रुवारी १९२८ ला उठला. दावा मात्र चालू राहिला.

साक्षी झाल्या, कागद पुढे आले. ८ जून १९३१ रोजी महाडच्या कोर्टाने दावा फेटाळला. त्या कोर्टाने वादींचा वहिवाटीचा दाखला बराचसा मान्य केला, पण सांगितलं की सार्वजनिक तळं एका वर्गाने वापरलं आणि दुसऱ्याने वापरलं नाही, एवढ्याने पहिल्या वर्गाला दुसऱ्याला रोखण्याचा कायदेशीर हक्क मिळत नाही. वादींनी ठाण्याला अपील केलं. ३० जानेवारी १९३३ ला तेही फेटाळलं गेलं. ते मुंबई हायकोर्टात गेले. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती एन. जे. वाडिया यांनी अपील खर्चासह फेटाळलं. तळ्यावरच्या ओंजळीला दहा वर्षं पूर्ण व्हायला तेव्हा तीन दिवस बाकी होते.

या निकालात एक ओळ अशी आहे जिथे महाड आणि कमुदी समोरासमोर येतात. वादींनी युक्तिवादात देवळांच्या खटल्यांचा आधार घेतला होता, त्यात कमुदीचा प्रिव्ही कौन्सिलचा निकालही होता. हायकोर्टाने म्हटलं की देवळांची गोष्ट वेगळी. तिथे जुनी वहिवाट असेल तर देऊळ विशिष्ट जातींसाठीच अर्पण केलं होतं असं गृहीत धरता येईल. तळ्याबद्दल तसं गृहीत धरता येणार नाही. हे तळं नगरपालिकेच्या ताब्यातलं, सरकारी जमिनीतलं. त्यातून अस्पृश्यांना रोखण्याची रूढी अनादी काळापासून आहे असं वादी सिद्ध करू शकले नाहीत. म्हणून अपील संपलं.

इथे आपण भावनेच्या भरात एक गोष्ट विसरतो. हायकोर्टाने ‘अस्पृश्यता अन्यायकारक आहे’ असं म्हटलेलं नाही. उलट, ही रूढी अवाजवी किंवा सार्वजनिक हिताविरुद्ध आहे का, हा प्रश्न त्यांनी उघडलाच नाही. रूढीच सिद्ध झाली नाही, मग पुढचं बघायची गरज नाही, एवढ्यावर ते थांबले. म्हणजे उद्या कोणी दुसऱ्या गावच्या तळ्याची रूढी ‘सिद्ध’ केली असती तर? ते दार अजून किलकिलं होतं. ते पूर्ण बंद करण्याचं काम पुढे संविधानाने केलं, आणि त्या संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष या दाव्यातले पहिले प्रतिवादी होते.

तरीही महाडच्या निकालाचं मोल मोठं आहे. का? कारण तो निकाल आहे. तीन कोर्टांनी कागदपत्रं बघून दिलेला, नोंदवलेला, छापलेला निकाल. तो एखाद्या पेटीत हरवत नाही. विचार करा, १९२८ मध्ये महाडच्या काही ‘समंजस’ मंडळींनी मध्यस्थी केली असती, “तळ्याच्या एका कोपऱ्यावर वेगळा घाट बांधून देतो, दावा काढून घेऊ” असं म्हटलं असतं आणि आपल्या माणसांनी ते मान्य केलं असतं, तर आज महाडच्या मातीत काय राहिलं असतं? एक वेगळा घाट. अस्पृश्यतेला दगडी पायऱ्या.

मग बाबासाहेब तडजोडीच्या विरुद्ध होते का?

नाही. हे स्पष्ट सांगायला हवं, नाहीतर आपले तरुण प्रत्येक समझोत्याला गद्दारी म्हणायला लागतील.

नाशिकच्या काळाराम सत्याग्रहात ९ एप्रिल १९३० ला तडजोड झाली होती. ठरलं असं की रथ स्पृश्य आणि अस्पृश्य दोघांनी मिळून ओढायचा. आपली माणसं जवळ पोहोचायच्या आत समोरच्यांनी रथ पळवला, दगडफेक झाली, आपली माणसं रक्तबंबाळ झाली. तोंडी शब्दावर केलेली तडजोड कशी संपते, याचा हा धडा नाशिकच्या रस्त्यावर मिळाला.

अडीच वर्षांनी, २४ सप्टेंबर १९३२ ला, येरवड्याच्या तुरुंगात पुणे करार झाला. गांधीजींच्या उपोषणाचा दबाव होता, देशभर अस्पृश्यांवर सूड उगवला जाण्याची भीती होती. स्वतंत्र मतदारसंघ सोडावे लागले. हा करार बाबासाहेबांना किती सलत राहिला, हे त्यांनी १९४५ मध्ये काँग्रेस आणि गांधींवर लिहिलेल्या पुस्तकात सविस्तर मांडलं आहे. पण दबावाखालीही त्यांनी काय केलं ते बघा. करार लेखी केला. प्रांतवार जागांचे आकडे त्यात घातले, एकूण १४८. दोन्ही बाजूंच्या सह्या घेतल्या. तो ब्रिटिश सरकारकडून मान्य करून घेतला गेला आणि राखीव जागा १९३५ च्या कायद्यात उतरल्या. नाइलाजाने केलेल्या तडजोडीतही त्यांनी ‘मनाचा मोठेपणा’ नावाची गोष्ट स्वीकारली नाही. आकडा, सही आणि कायदा, या तीन गोष्टी मागितल्या.

नाशिकच्या रथाला या तिन्हीपैकी काहीच नव्हतं. आमच्या गावच्या वाटेला सही होती, पण अर्धी.

स्वतंत्र भारताने केलेली चूक आणि तिची दुरुस्ती

संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ मध्ये अस्पृश्यता (अपराध) कायदा आला. या कायद्यात महाडच्या दाव्याला थेट उत्तर देणारं एक कलम आहे, तेरावं. कायद्याच्या विरुद्ध जाणारी मागणी असलेला दावा कोणत्याही दिवाणी कोर्टाने दाखल करून घ्यायचा नाही, चालवायचा नाही, त्यावर हुकूमनामा द्यायचा नाही आणि जुना हुकूमनामा असेल तर तो बजावायचाही नाही. १९२७ ला महाडमध्ये लावलेला दावा आज कोणी लावू पाहील तर तो कोर्टाच्या उंबऱ्यावरच थांबेल.

पण त्याच कायद्यात एक खिडकी उघडी राहिली होती. त्यातले गुन्हे कोर्टाच्या परवानगीने आपसात मिटवता येत होते. विचार करा, १९५५ नंतरच्या खेड्यात याचा अर्थ काय होतो? तक्रार करणारा भूमिहीन, आरोपी त्याच्याच मालकाचा भाऊबंद. पोलीस पाटील, सावकार, मुकादम सगळे समोरच्या बाजूला. अशा ठिकाणी ‘आपसात’ या शब्दाला अर्थच उरत नाही. ज्याच्या हातात उद्याची भाकरी आहे, त्याच्याशी तुम्ही समसमान तडजोड कशी करणार? १९६० च्या दशकात सरकारने इलयापेरुमल समिती नेमली. तिने अस्पृश्यतेची देशभरची स्थिती आणि कायद्यातल्या पळवाटा पुढे आणल्या. १९७६ च्या दुरुस्तीने कायद्याचं नाव ‘नागरी हक्क संरक्षण कायदा’ झालं आणि गुन्हे मिटवण्याची सोय काढून टाकली. म्हणजे स्वतंत्र भारताला हे कळायला एकवीस वर्षं लागली : काही गोष्टी ‘मिटवायच्या’ नसतात, कारण त्या एकट्या तक्रारदाराच्या नसतात.

त्याच १९७६ साली दिवाणी प्रक्रिया संहितेतही महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या. त्या आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घ्यायला हव्यात.

तडजोडीआधी विचारायचे प्रश्न

एक. दावा काढून घेतला जातोय की तडजोडीचा हुकूमनामा होतोय? संहितेच्या आदेश २३ मध्ये दोन्ही वाटा आहेत आणि त्या एकसारख्या नाहीत. नियम १ खाली नुसता दावा काढून घेतला, नव्याने दावा लावण्याची परवानगी मागून घेतली नाही, तर त्याच विषयावर पुन्हा कोर्टात जायची वाट अडते. नियम ३ खाली तडजोड कोर्टात दाखल केली, कोर्टाने ती नोंदवून हुकूमनामा दिला, तर समोरच्याने शब्द मोडल्यावर दरखास्त लावून अंमलबजावणी करता येते. पहिल्यात भांडण संपतं, दुसऱ्यात हक्क उरतो.

दोन. तडजोड लेखी आहे का आणि पक्षकारांच्या सह्या आहेत का? १९७६ पासून कायदाच हे मागतो. “बाहेर मिटलंय” एवढ्या पुरसिशीवर समाधान मानू नका. अटी लिहा. वाट किती फूट, कुठून कुठपर्यंत, गट नंबर कोणता, कुंपण कधी निघणार, सगळं लिहा आणि नकाशा जोडा.

तीन. दावा समाजाच्या वतीने आहे का? वाट, पाणवठा, समाजमंदिर, स्मशानभूमी यांचे दावे आदेश १ नियम ८ खाली प्रातिनिधिक म्हणून लावता येतात. तसा दावा असेल तर आदेश २३ नियम ३-ब सांगतो की कोर्टाच्या स्पष्ट परवानगीशिवाय केलेली तडजोड रद्दबातल आहे आणि परवानगी देण्याआधी कोर्टाने संबंधित लोकांना नोटीस द्यायला हवी. कमुदीत ज्या तत्त्वाने दार बंद केलं गेलं, तेच तत्त्व आज आपल्या हातात कुलपाची किल्ली म्हणून आहे. पण ती किल्ली वापरायची तर दावा लावतानाच प्रातिनिधिक लावायला हवा. पाच जणांच्या नावे लावलेला दावा पाच जणांत मिटतो.

चार. तडजोड कायदेशीर आहे का? कायद्याने निषिद्ध असलेली गोष्ट दोघांच्या संमतीने कायदेशीर होत नाही. विशेषतः जमिनीच्या बाबतीत हे लक्षात ठेवा. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द झाली, महार वतनाच्या जमिनी परत मिळाल्या आणि त्यांच्या हस्तांतरावर कलेक्टरच्या परवानगीची अट आली. ती अट आपल्या माणसाच्या हातातून जमीन फसवणुकीने जाऊ नये म्हणून होती. अशा अटी असलेल्या जमिनीवर आधी दावा आणि मग ‘तडजोड’ दाखवून ती ताब्यात घेण्याचा प्रयत्न दिसला, तर सही करण्याआधी सातबारा आणि जुना फेरफार काढून वाचा.

पाच. परत यायची वाट आहे का? संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील नाही. तडजोड बेकायदेशीर होती म्हणून वेगळा दावाही लावता येत नाही, त्याच कोर्टात जावं लागतं. लोकअदालतीचा निवाडा हा हुकूमनाम्यासारखाच धरला जातो आणि त्यावरही अपील नाही. लोकअदालत वाईट नाही, तिथे कोर्ट फीही परत मिळते. पण तिथल्या गर्दीत, दहा मिनिटांत, न वाचता केलेली सही आयुष्यभर पुरते.

शेवटचं

आम्हाला माहीत आहे की कोर्ट ही गरिबाची आवडती जागा नाही. दहा वर्षं लढायची ताकद प्रत्येकाकडे नसते. महाडच्या दाव्यात प्रतिवादी क्रमांक एक स्वतः बॅरिस्टर होते, आपल्या वाड्यातल्या माणसाकडे बॅरिस्टर नसतो. म्हणून आम्ही असं म्हणत नाही की कधीच मिटवू नका. आम्ही म्हणतो, मिटवण्याआधी विचारा : हा हक्क कोणाचा आहे? माझा एकट्याचा असेल तर मी माझ्या मर्जीने देईन. वाड्याचा असेल तर वाड्याला विचारून, लिहून, कोर्टासमोर. आणि माणूस म्हणून जगण्याचा हक्क असेल, पाण्याचा, वाटेचा, प्रेताला खांदा देऊन नेण्याचा, तर त्यात देण्यासारखं काही नसतंच. तिथे फक्त अंमलबजावणीची तारीख ठरवायची असते.

त्या गावची वाट अजून अडलेली आहे. कुंपण नव्याने घातलं, म्हणजे नवी अडवणूक झाली, या आधारावर नवा दावा तयार होतोय. या वेळी तो प्रातिनिधिक आहे. वाड्यातल्या प्रत्येक घराला नोटिशीचा अर्थ समजावून सांगायला आमची दोन मुलं रोज संध्याकाळी जातात. मागच्या वेळी सही केलेल्या दोघांपैकी एक आजोबा अजून आहेत. त्यांनी विचारलं, “या वेळी चहा कोणाच्या घरी?” सगळे हसले. मग त्यांनीच सांगितलं, “समाजमंदिरात ठेवा. आणि कागद मोठ्यानं वाचा.”

जय भीम!